शेजारच्या मुलाची तब्येत बिघडलीये पण त्याची आई ९११ ला फोन करू नको म्हणते, असं का?

कल्याणी_फिली

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आम्ही वेस्ट फिलाडेल्फियात राहतो, कॉब्स क्रीकच्या जवळ. नवऱ्याचं पोस्टडॉक चालू आहे त्यामुळे भाडं परवडेल तिथे घर घेतलं, आणि खरं सांगते इतके चांगले शेजारी मला पुण्यात पण मिळाले नव्हते. एकाला एक चिकटलेली रो-हाऊसेस, पुढे चार पायऱ्या, संध्याकाळी सगळी गल्ली पायऱ्यांवर. आमच्या भिंतीला भिंत लागून एक ब्लॅक कुटुंब आहे, आई साठीच्या पुढची आणि मुलगा पंचविशीचा. त्यांना सगळे मिस डी म्हणतात म्हणून मीपण तसंच म्हणते. मुलगा एकदम गुणी, आम्ही राहायला आलो तेव्हा न सांगता येऊन फ्रीज वर चढवायला हात लावला होता. गेले काही आठवडे त्याचं काहीतरी बिनसलंय. रात्र रात्र झोप नाही, भिंतीतून आवाज येतात, एकटाच बोलतो, मधेच ओरडतो, परवा थंडीत अनवाणी बाहेर येऊन पार्क केलेल्या गाड्यांचे नंबर मोठमोठ्याने वाचत चालला होता. कोणाला बोटसुद्धा लावलेलं नाहीये त्याने, हे आधीच सांगून ठेवते.

मी मिस डींना हळूच विचारलं डॉक्टरला दाखवलं का, तर म्हणाल्या थकलाय तो, पास्टर येऊन प्रार्थना करून गेलेत, होईल बरा. आणि मग माझं मनगट धरून म्हणाल्या की काहीही ऐकू आलं तरी मला उठव, रात्री तीनला दार वाजव, पण ९११ ला (इथला पोलिस-ॲम्ब्युलन्सचा इमर्जन्सी नंबर) फोन करू नकोस. इतक्या शांत बाईच्या तोंडून ते ऐकून मला कसंतरीच झालं.

नवरा म्हणतो की ही आजार लपवायची सवय आहे, आपल्याकडे गावाला आधी देवऋष्याकडे नेतात तसंच, शिक्षण कमी दुसरं काय. मला ते पटत नाही कारण मिस डी शाळेतून रिटायर झालेल्या आहेत, त्यांना सगळं कळतं. मग हे नक्की काय आहे, लोकलाज की भीती? आणि उद्या खरंच वेळ आली तर मी करायचं काय? इथे कोणी अनुभवी असेल तर सांगा, टिंगल नको प्लीज.

निमा_रॉचेस्टर

कल्याणी, मी न्यूयॉर्क स्टेटमध्ये रॉचेस्टरला नर्स आहे. तुझ्या मिस डी जे बोलल्या ते इथल्या ब्लॅक पेशंटच्या आया मला किती वेळा बोलल्यात ते विचारू नकोस. डॅनियल प्रूड हे नाव ऐकलंयस का? आमच्या गावात हे नाव माहीत नसलेला माणूस सापडायचा नाही.

२०२० चा मार्च. ४१ वर्षांचा माणूस, शिकागोहून भावाकडे आलेला. डोक्यात काहीबाही यायला लागलं म्हणून भावाने त्याला हॉस्पिटलमध्ये पाठवलं, तिथून काही तासांत घरी परत पाठवला. रात्री तीनच्या सुमारास तो अंगावर कपडे नसताना घरातून पळत सुटला, बाहेर बर्फ भुरभुरतोय, आणि भावाने काय केलं, तर तू किंवा मी करू तेच केलं, ९११ ला फोन. पोलिस आले. त्यांनी सांगितल्यावर त्याने स्वतःच हात मागे दिले, त्यांनी बेड्या घातल्या. उघडाच थंडगार रस्त्यावर बसवलेला, तो ओरडत होता थुंकत होता म्हणून डोक्यावर जाळीची पिशवी चढवली, थुंकी उडू नये म्हणून घालतात ती. मग उठायला लागला तसा तोंड रस्त्याला दाबून धरला, दोनेक मिनिटं. श्वास बंद पडला. आठवड्याने, ३० मार्चला गेला. मेडिकल एक्झामिनरने 'हॉमिसाइड' म्हणजे दुसऱ्याच्या हातून मृत्यू असं लिहिलं, शरीरात पीसीपी ड्रग पण सापडलं होतं तेही लिहिलं. आणि आम्हाला गावातल्या लोकांना हे कधी कळलं? सप्टेंबरमध्ये, वकिलांनी बॉडीकॅमचा व्हिडिओ मिळवून बाहेर काढला तेव्हा! पोलिस चीफची नोकरी गेली, पण २०२१ मध्ये ग्रँड ज्युरीने एकाही पोलिसावर आरोप ठेवला नाही. शहराने २०२२ मध्ये घरच्यांना १ कोटी २० लाख डॉलर दिले.

त्याचा भाऊ तेव्हा पत्रकारांसमोर म्हणाला होता की मी माझ्या भावाला मदत मिळावी म्हणून फोन केला, त्याला ठेचून मारावं म्हणून नाही. आता तू सांग, ज्या बाईने टीव्हीवर ते ऐकलंय ती स्वतःच्या मुलासाठी तो नंबर फिरवेल का?

आणि यानंतर शहराने पोलिसांऐवजी जायला 'पर्सन इन क्रायसिस' म्हणून टीम काढली, जानेवारी २०२१ मध्ये. चांगली गोष्ट. पण त्याच महिन्याच्या शेवटी एका नऊ वर्षांच्या ब्लॅक मुलीला, जी घरच्या भांडणात बिथरली होती आणि मरायचं म्हणत होती, पोलिसांनी बेड्या घालून गाडीत कोंबताना तोंडावर पेपर स्प्रे मारला. पोलिस तिला म्हणतोय लहान मुलीसारखी वागतेयस, ती रडत म्हणतेय मी लहान मुलगीच आहे. व्हिडिओत आहे हे, मी बघितलाय, परत बघणार नाही. टीम होती, पण त्या कॉलवर तिला पाठवलंच नव्हतं.

खडूस_ह्यूस्टन

आलंच सगळं फिरून वंशवादावर. मला एक सांगा, हातात चाकू घेऊन माणूस अंगावर आला तर पोलिसाने काय ओवाळायचं त्याला? त्यांनाही बायकापोरं आहेत. गोऱ्या वेड्यांना पण गोळ्या घालतात इथे, आकडे काढून बघा. आणि कुटुंबाची काहीच जबाबदारी नाही का? महिनोन्महिने औषध द्यायचं नाही, चर्चमध्ये गाणी म्हणायची, आणि पार हाताबाहेर गेलं की सिस्टीमच्या नावाने बोंब. कल्याणीताईंच्या नवऱ्याचं शंभर टक्के बरोबर आहे.

अरुंधती_स

खडूसकाका, आकडे काढूनच बोलते. मी बारा गावचं पाणी पिऊन आता फिलीतच सोशल वर्कमध्ये आहे, रोजचा संबंध आहे.

गोरे पण मरतात हे खरंच आहे. वॉशिंग्टन पोस्टने २०१५ पासून पोलिसांच्या गोळीने मेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवली, वर्षाला हजाराच्या आसपास, त्यात साधारण पाचातला एक मानसिक आजार असलेला. मेलेल्यांत गोरे संख्येने जास्त, कारण देशातच जास्त. पण लोकसंख्येच्या हिशोबात ब्लॅक माणूस मरायचं प्रमाण गोऱ्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे आजारी असणं ही एक जोखीम आणि ब्लॅक असणं ही दुसरी, आणि मिस डींच्या मुलाकडे दोन्ही आहेत. तो साडेसहा फुटी नसला तरी घाबरलेल्या पोलिसाला तो तसाच दिसतो.

चाकूचं म्हणाल तर कल्याणी, तुझ्या घराजवळच झालंय ते, म्हणून मिस डींचा हात थरथरला असणार. २६ ऑक्टोबर २०२०, वॉल्टर वॉलेस, वय २७, बायपोलर. घरच्यांच्या वकिलाने सांगितलं की त्यांनी ॲम्ब्युलन्स मागवली होती, आले पोलिस. हातात चाकू होता, बरोबर. आई रस्त्यात मधे येऊन ओरडतेय की तो आजारी आहे, शेजारी ओरडतायत. पोलिस पोचल्यापासून मिनिटभराच्या आत दोघांनी मिळून १४ गोळ्या झाडल्या. दोघांपैकी एकाकडेही टेझर (विजेचा झटका देऊन पाडायचं यंत्र) नव्हता. आईच्या डोळ्यांसमोर. पुढच्या वर्षी शहराने २५ लाख डॉलर दिले आणि गस्तीच्या सगळ्या पोलिसांना टेझर द्यायचं कबूल केलं. त्या ब्लॉकपासून चालत जाण्याच्या अंतरावर ओसेज ॲव्हेन्यू आहे, जिथे १९८५ मध्ये पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून एका घरावर बॉम्ब टाकला, 'मूव्ह' नावाच्या ब्लॅक गटाचं घर होतं ते, ११ माणसं मेली त्यात ५ मुलं, आणि आग विझवली नाही म्हणून ६१ घरं जळाली. मिस डी साठीच्या पुढच्या आहेत म्हणजे तेव्हा ऐन तरुण असतील. धूर त्यांनी बघितला असेल. त्यामुळे शिक्षण कमी वगैरे राहू दे.

आता लाज. लाज आहे, नाही असं नाही. चर्चमध्ये 'देवावर विश्वास कमी पडला' असं ऐकवणारे भेटतात, पुरुषाने रडायचं नाही, बाईने तर सगळं एकटीने पेलायचं, घरातलं बाहेर सांगायचं नाही, आपल्याला काय नवीन आहे का हे. सोयरीक मोडेल म्हणून मुलीच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवणारी घरं मी सदाशिव पेठेत बघितलीयेत. फरक इतकाच की सदाशिव पेठेत गोष्ट फुटली तर सोयरीक मोडते. इथे गोष्ट फुटली तर नोकरी, सरकारी घर, मुलांचा ताबा, प्रोबेशन, सगळं एकदम डुगडुगायला लागतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दारात बंदूक येते. म्हणून मी याला नुसता गैरसमज म्हणत नाही. गप्प बसणं हे त्यांनी हिशोब करून काढलेलं उत्तर आहे. उत्तर चुकीचं ठरतं कधीकधी, कारण आजार आत वाढत राहतो, पहिल्या महिन्यात गोळीने आटोक्यात आला असता तो सहाव्या महिन्यात रस्त्यावर येतो, आणि रस्त्यावर आला की मग फोन कोणीतरी तिसराच करतो. ज्याला टाळायला गप्प बसले तेच समोर उभं राहतं. आणि ते बघून पुढचं घर आणखी गप्प बसतं.

आणि डॉक्टरकडे का जात नाहीत, तर डॉक्टरांनी काय दिवे लावलेत तेही बघा. १८५१ मध्ये कार्टराइट नावाच्या डॉक्टरने पळून जाणाऱ्या गुलामांना एक मानसिक आजार असतो असं शोधून काढलं, 'ड्रेपटोमेनिया', म्हणजे मालकाकडून पळावंसं वाटणं हाच रोग! जुनं म्हणून सोडून दिलं तरी १९७४ मध्ये सायकिॲट्रीच्या एका मोठ्या जर्नलमध्ये हॅलडॉल या औषधाची जाहिरात होती, चित्रात मूठ आवळून उभा असलेला चिडलेला ब्लॅक माणूस. औषध कशावर ते कळलं असेलच. आजही तीच लक्षणं घेऊन गोरा आणि ब्लॅक पेशंट आले तर ब्लॅक पेशंटच्या कागदावर डिप्रेशन किंवा बायपोलरऐवजी स्किझोफ्रेनिया लिहिलं जाण्याची शक्यता जास्त, हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने २०२१ मध्ये या सगळ्याबद्दल जाहीर माफी मागितली. बरं केलं. पण देशातल्या सायकिॲट्रिस्टांत ब्लॅक डॉक्टर शंभरात जेमतेम दोन, त्यामुळे आपल्यातला डॉक्टर शोधायचा म्हटला तर चपला झिजतात.

खूप मोठं झालं, सॉरी, पण नवऱ्याला हे वाचायला दे.

खडूस_ह्यूस्टन

इतिहासाचा तास आवडला. पण पोलिस नको तर मग कोण? रात्री तीनला कोणी सोशल वर्कर येणार आहे का? प्रॅक्टिकल बोला.

अरुंधती_स

येतात काका. ऑरेगनमधल्या यूजीनमध्ये 'काहूट्स' म्हणून व्हॅन होती, एक मेडिक आणि एक क्रायसिस वर्कर, १९८९ पासून, बंदूक नाही बेड्या नाहीत. २०२५ च्या एप्रिलमध्ये पैशांअभावी यूजीनमधली ती सेवा बंद पडली, तेही सांगते, उगाच गोड चित्र नको. डेन्व्हरने जून २०२० मध्ये 'स्टार' सुरू केलं, पहिल्या सहा महिन्यांत ७४८ कॉल, अटक शून्य.

आणि पोलिसांना वेगळं ट्रेनिंग द्यायची कल्पना निघाली तीच मुळी एका ब्लॅक आईच्या फोनमुळे. मेम्फिस, १९८७. २७ वर्षांचा मुलगा स्वतःला चाकूने मारून घेत होता, आईने फोन केला, पोलिसांनी गोळ्या घातल्या. गावात इतका भडका उडाला की १९८८ मध्ये 'क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम' सुरू झाली, ४० तासांचं ट्रेनिंग, आज देशभर आहे. १९८७ ची गोष्ट आणि २०२० ची वॉलेसची गोष्ट शेजारी ठेवून वाचा, गाव आणि नाव सोडलं तर काय बदललं?

अवांतर: आपल्याच पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गला १९६७ पर्यंत आजारी माणसाला हॉस्पिटलला न्यायला पोलिसचीच गाडी यायची. मग हिल डिस्ट्रिक्टमधल्या बेकार ब्लॅक पोरांना शिकवून 'फ्रीडम हाऊस' ॲम्ब्युलन्स सुरू झाली, देशातल्या पहिल्या पॅरामेडिक सेवांपैकी एक. १९७५ ला शहराने ती बंद करून काम स्वतःकडे घेतलं. म्हणजे हार्ट अटॅकसाठी पोलिस नको हे या देशाला तेव्हा कळलं. डोक्याच्या आजारासाठी कळायला अजून वेळ लागतोय.

ओंकार_क्रॉयडन

अमेरिकेत बंदुका आहेत म्हणून असं होतं असं वाटत असेल तर इकडचं ऐका. मी लंडनमध्ये मेंटल हेल्थ वॉर्डवर काम करतो. इथे साध्या पोलिसाकडे बंदूक नसते तरी हेच आहे. सेनी लुईस, वय २३, नुकतीच डिग्री झालेला मुलगा, २०१० मध्ये आईवडील स्वतः मदतीसाठी घेऊन गेले आणि तो बेथलेम रॉयल हॉस्पिटलमध्ये स्वतःहून दाखल झाला. स्वतःहून, लक्षात घ्या. संध्याकाळी आईवडील घरी गेले, त्याला घरी जायचं होतं, तो बिथरला, स्टाफने पोलिस बोलावले, ११ पोलिसांनी मिळून दाबून धरला, त्यातून तो शुद्धीवर आलाच नाही. आईबापांनी सात वर्षं खेटे घातल्यावर २०१७ मध्ये चौकशीच्या ज्युरीने बळ जास्त वापरलं असं म्हटलं, आणि २०१८ मध्ये कायदा झाला, त्याला सगळे 'सेनीज लॉ' म्हणतात, वॉर्डवर येणाऱ्या पोलिसाने बॉडीकॅम लावायचाच वगैरे.

इंग्लंडमध्ये ब्लॅक माणसाला मेंटल हेल्थ ॲक्टखाली सक्तीने डांबून ठेवलं जाण्याचं प्रमाण गोऱ्याच्या तिपटीहून जास्त आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या सेन्सबरी सेंटरने २००२ सालीच अहवालात लिहून ठेवलंय की पेशंट सेवेला घाबरतो, सेवा पेशंटला घाबरते, म्हणून पेशंट उशिरा येतो, उशिरा येतो म्हणून जास्त बिघडलेला असतो, म्हणून बळ वापरतात, म्हणून तो पुढच्या वेळी आणखी उशिरा येतो. आमच्या वॉर्डवर नाइट शिफ्टला हे रोज दिसतं. गोरा पेशंट ओरडला की 'अपसेट आहे', ब्लॅक पेशंट ओरडला की 'ॲग्रेसिव्ह' लिहितात नोट्समध्ये. मी स्वतः सहकाऱ्याच्या हातातलं पेन थांबवलंय.

आणि देवऋष्याची तुलना करायचीच असेल तर पोलिसांची पण करा की. आपल्याकडे पारध्याच्या पालावर जाऊन सांगा, पोरगं बिथरलंय तर पोलिसांना बोलवा म्हणून. बघा काय उत्तर मिळतं.

राहुल_शिकागो

+१ ओंकार. पारध्याचं पटलं.

आमच्या इलिनॉयमधलं सोन्या मॅसी प्रकरण कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जुलै २०२४, स्प्रिंगफील्डजवळ, ३६ वर्षांची बाई, मानसिक त्रास चालू होता. तिच्या आईने आदल्या दिवशी ९११ ला फोन करून सांगितलं होतं की माझ्या मुलीला त्रास होतोय, तिला मारू नका, पूर्वग्रह असलेला भांडखोर पोलिस पाठवू नका. आईला ते आधीच सांगावंसं वाटलं! मग मध्यरात्रीनंतर सोन्यानेच फोन केला की घराबाहेर कोणीतरी फिरतंय. दोन डेप्युटी (शेरीफचे पोलिस) आले. गॅसवर पाण्याचं भांडं होतं, त्यांनीच सांगितलं म्हणून ती ते उचलायला गेली, येशूचं नाव घेऊन काहीतरी बोलली, डेप्युटीने बंदूक काढली, ती सॉरी म्हणत ओट्यामागे खाली बसली, त्याने तिच्या तोंडावर गोळी झाडली. स्वतःच्या स्वयंपाकघरात. २०२५ मध्ये ज्युरीने त्याला सेकंड डिग्री मर्डरमध्ये दोषी धरलं, असं क्वचित होतं.

आणि परिणाम नुसता त्या घरावर होत नाही. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये एक अभ्यास आला होता, लाखभर ब्लॅक लोकांच्या फोन सर्व्हेवर. पोलिसांनी निःशस्त्र ब्लॅक माणूस मारला की त्या राज्यातल्या बाकी ब्लॅक लोकांचे 'मन ठीक नव्हतं' असे दिवस पुढचे तीनेक महिने वाढतात. गोऱ्या लोकांच्या आकड्यात काही फरक पडत नाही. म्हणजे ज्या व्हिडिओमुळे मन बिघडतं त्याच व्हिडिओमुळे माणूस मदत मागायला कचरतो. माझा ऑफिसमधला मित्र, ब्लॅक, मॅसीचा व्हिडिओ आल्यावर आठवडाभर लंचला खाली आला नाही. विचारलं तर म्हणाला पोट बिघडलंय. मी पण पुढे काही विचारलं नाही, काय विचारणार.

कल्याणी_फिली

बापरे. सगळ्यांचे खूप आभार, नवऱ्याला अरुंधतीताईंचा प्रतिसाद वाचायला दिला, तो गप्प बसून ओसेज ॲव्हेन्यू मॅपवर शोधत होता. आम्ही तिथून ग्रोसरीला जातो.

काल परत मिस डींशी बोलले. या वेळी सल्ला न देता नुसती बसले. स्वतःच म्हणाल्या की त्यांच्या बहिणीच्या मुलाला कोणीतरी 'थ्री-ओ-टू' केलं होतं, पोलिस बेड्या घालून घेऊन गेले, परत आला तो पूर्वीचा राहिला नाही, आणि फोन कोणी केला ते कळल्यावर बहिणी-बहिणींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. हे थ्री-ओ-टू म्हणजे काय? आणि मला खरंच सांगा, भिंतीपलीकडे काही फुटल्याचा आवाज आला तर मी काय करू?

अरुंधती_स

३०२ म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यातलं कलम, सक्तीने नेऊन तपासणी आणि जास्तीत जास्त १२० तास ठेवून घेता येतं. त्यासाठी माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं दाखवावं लागतं. कागद मंजूर झाला की घेऊन जायला बहुतेक वेळा पोलिसच येतात, म्हणून नाव काढलं तरी लोकांच्या पोटात गोळा येतो. याच्या आधीची पायरी २०१, म्हणजे स्वतः सही करून दाखल होणं. शक्य असेल तर तिथेच गाठायचं. त्याला झोप नाहीये ना, मग 'तुझं डोकं फिरलंय' असं न म्हणता 'झोप लागत नाहीये, चल त्याचं बघू' म्हणून नेता येतं. झोपेसाठी डॉक्टरकडे जायला कोणाला कमीपणा वाटत नाही. पास्टरना सोबत घ्या, त्यांना बाजूला काढू नका. कितीतरी चर्चमध्ये आता पास्टरच काउन्सेलरकडे पाठवतात. न्हाव्याच्या दुकानांत पण काम चालू आहे, आर्कान्सामधून सुरू झालेली 'कन्फेस प्रोजेक्ट' म्हणून संस्था ब्लॅक बार्बरना शिकवते की खुर्चीत बसलेला माणूस कसा ऐकायचा आणि पुढे कुठे पाठवायचा. मुलगा केस कापायला नेहमी एकाकडेच जात असेल तर त्या बार्बरला विचारून बघा, आईपेक्षा त्याचं जास्त ऐकेल.

आवाज आला तर मिस डींनी सांगितलंय तेच कर, आधी त्यांना उठव. त्यांच्या डोक्यावरून जाऊन काही करू नकोस. मग ९८८, मानसिक संकटासाठीची हेल्पलाइन. जुलै २०२२ पासून आहे, फोन किंवा मेसेज दोन्ही चालतं, बरेचसे प्रसंग फोनवरच निवळतात. फिलीत शहराची मोबाईल क्रायसिस टीम आहे, तिला पाठवा असं स्पष्ट सांगायचं. जिवाला धोका आहे असं वाटलं तर ९८८ वाले ९११ ला कळवू शकतात, हे मिस डींना आधीच सांगून ठेव, नंतर कळलं तर विश्वास जाईल.

निमा_रॉचेस्टर

त्यात भर घालते. अगदीच ९११ करायची वेळ आली तर वाक्यं आधीच कागदावर लिहून फ्रीजवर लावा, त्या वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. हा मेडिकल कॉल आहे, मानसिक आजाराची इमर्जन्सी आहे, त्याच्या हातात शस्त्र नाही (नसेल तरच म्हणा, खोटं नको), क्रायसिस ट्रेनिंग झालेला ऑफिसर पाठवा, सायरन नको. आत्ताच सुऱ्या-कात्र्या त्याच्या नजरेआड ठेवायला सांग. पोलिस आले तर घरच्या एकाने हात मोकळे दिसतील असं आधी बाहेर येऊन बोलायचं. आणि तू गल्लीत उभी राहा, फोन हातात ठेव. हे सगळं करून पण खात्री कसलीच नाही, वॉलेसची आई पण ओरडून सांगतच होती.

खडूस_ह्यूस्टन

ठीक आहे, शेवटचे दोन प्रतिसाद कामाचे आहेत. तरी मी म्हणेन की औषध वेळेवर सुरू केलं असतं तर इतकं लिहावंच लागलं नसतं.

विनय_एडिसन

खडूसकाका, औषध वेळेवर सुरू करायला आधी कुणाला तरी सांगावं लागतं, आणि सांगायची सोय नाही यावरच तर धागा चाललाय :)

आपले लोक 'हा ब्लॅक लोकांचा प्रॉब्लेम' म्हणून वाचत असतील तर त्यांच्यासाठी: मार्च २०२४, क्वीन्सच्या ओझोन पार्कमध्ये विन रोझारियो, १९ वर्षांचा बांगलादेशी मुलगा, मानसिक त्रासात स्वतःच ९११ ला फोन केला. पोलिस आले, पोराच्या हातात कात्री, आधी टेझर मग गोळ्या, आई आणि भावासमोर. आई मधे पडत होती. आमच्या इथल्या मंडळात गणपतीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला तर दोघं म्हणाले की असले विषय सणासुदीला कशाला. पण नंतर पार्किंगमध्ये एक काका हळूच येऊन विचारत होते की ९८८ वर नाव सांगावं लागतं का. नाही लागत.

माझा पण एक प्रश्न आहे. सासूबाई साताऱ्याहून आल्यायत, सहा महिने इथे आहेत, इंग्रजी येत नाही, आणि सासरे गेल्यापासून त्यांचं बरं नाहीये. त्यांना स्वतःला ९८८ वर बोलता येईल का?

निमा_रॉचेस्टर

विनय, येईल. फोनवर ९८८ ला दुभाषा देतात, २४० पेक्षा जास्त भाषांची सोय आहे. पहिलं वाक्य इंग्रजीत तू बोल, 'मराठी इंटरप्रिटर' माग, मग फोन त्यांच्याकडे दे आणि तू खोलीबाहेर जा. जावयासमोर त्या एक शब्द बोलायच्या नाहीत.